देवघराची भाषा आणि कायद्याची भाषा

संमतिवयाच्या वादाला राजकीय इतिहासात जागा मिळाली, समाजसुधारणेच्या इतिहासात तर अग्रपूजेचा मान मिळाला. परंतु मराठी गद्याच्या इतिहासात त्याचा विचार व्हावा तसा झालेला नाही. १८९० च्या अखेरीपासून १८९१ च्या मार्चपर्यंत, म्हणजे अवघ्या काही महिन्यांत, ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ या दोन पत्रांतून जे लिहिले गेले ते केवळ मतांचे भांडण नव्हते. ज्याची धर्मावर श्रद्धा आहे, किंवा मुळीच नाही, अशा माणसाने सर्वांना लागू होणाऱ्या कायद्याविषयी बोलताना कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न मराठीत इतक्या उघडपणे त्या वेळी उभा राहिला आणि आजही तो मिटलेला नाही. कोण पुरोगामी आणि कोण सनातनी ही शाळेत शिकविलेली वाटणी आम्ही येथे बाजूस ठेवणार आहोत. त्या काळचे लेखन लेखन म्हणून वाचावे, त्यातील युक्तिवाद कोणाला उद्देशून आहे हे पाहावे, एवढाच हेतू आहे. साहित्याच्या त्रैमासिकात कायद्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. कायदा हेही शेवटी गद्यच आहे, आणि ते सर्वांत जास्त लोकांच्या आयुष्यावर चालणारे गद्य आहे, इतके उत्तर आम्हांस पुरेसे वाटते.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट आठवून द्यावयास हवी. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता. पुण्यात जे वाद झाले त्यांचे पडसाद हुबळीच्या जुन्या मराठी घरांत उमटत होते, आणि मुंबईच्या विधिमंडळात जे कायदे झाले ते कमरीपेठेतही लागू होते. आपल्या पणज्यांची लग्ने कोणत्या वयात झाली हे ज्यांना घरच्या जुन्या पत्रिकांवरून ठाऊक आहे, त्यांना हा विषय दूरचा वाटू नये.

प्रथम प्रसंग. १८६० च्या दंडसंहितेत पत्नीच्या बाबतीतही दहा वर्षांची मर्यादा घातलेली होती. ती घातली गेली तेव्हा धर्म बुडाल्याची हाकाटी झाली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे बेहरामजी मलबारींनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला सुरू झाला. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८५ साली एका न्यायाधीशाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, १८८७ साली दुसऱ्याने ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम दिला, आणि १८८८ साली पैसे देऊन प्रकरण मिटले. रखमाबाई पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी नावाची, दहा वर्षे जेमतेम ओलांडलेली मुलगी पतीच्या अत्याचाराने मरण पावली. ती दहाच्या वर होती म्हणून पतीवर बलात्काराचा आरोप ठेवता आला नाही; त्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. ९ जानेवारी १८९१ रोजी अँड्र्यू स्कोबल यांनी मर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक मांडले, आणि १९ मार्चला ते मंजूर झाले. दोन वर्षांचा काय तो फरक, परंतु त्यावर उभा देश पेटला.

या विधेयकाला धर्माची जी हरकत घेतली गेली ती गर्भाधानसंस्काराची होती. पहिल्या ऋतुदर्शनानंतर हा संस्कार झालाच पाहिजे, बारा वर्षांच्या आत ऋतू आला तर कायदा संस्काराच्या आड येतो, आणि राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन दिलेले आहे, अशी ती मांडणी होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तिला उत्तर दिले. गृह्यसूत्रे आणि स्मृती यांची वचने लावून त्यांनी दाखविले की पहिल्याच ऋतूस हा संस्कार केला पाहिजे असे शास्त्र सांगत नाही. तो पुढे ढकलण्यास मोकळीक आहे. टिळकांनी त्यावर प्रत्युत्तर दिले, भांडारकरांनी पुन्हा लिहिले. दोघेही संस्कृतचे जाणते, दोघांचीही वचने लावण्याची हातोटी असाधारण. मीमांसकांच्या परंपरेतील एखादी वादसभा वाचल्याचा आनंद आजही या लेखनातून मिळतो, हे मान्य केलेच पाहिजे.

पण पानामागून पाने वाचत गेल्यावर एक गोष्ट जाणवू लागते. ज्या मुलीसाठी हे सारे चालले आहे ती या लेखनात कोठेच नाही. विधी आहे, विध्यर्थ आहे, ऋतूचा काळ आहे, प्रायश्चित्त आहे; मुलगी नाही. आणि हे टिळकांच्या बाजूपुरतेच खरे नाही. भांडारकरांचा निष्कर्ष आम्हांस मान्य आहे, त्यांची विद्वत्ता तर वादातीतच आहे. तथापि त्यांनी निवडलेली भाषा प्रतिपक्षाचीच होती. एखाद्या वचनाचा अर्थ त्यांना अनुकूल निघाला म्हणून मुलगी वाचावी, आणि उद्या कोणी अधिक जुनी पोथी काढून तो अर्थ फिरविला तर तिने मरावे काय? कायद्याचा आधार व्याकरणावर ठेवला की हा धोका कायमचा राहतो. भांडारकरांच्या वतीने एवढे म्हणता येईल की ज्यांच्याशी ते बोलत होते ते दुसरी कोणतीही भाषा ऐकून घेण्यास तयार नव्हते. ते खरेच आहे. मात्र याच परंपरेत सुश्रुतही होता. सोळा वर्षांच्या आतील स्त्रीच्या गर्भाला काय धोका असतो हे त्याने वैद्याच्या नजरेने सांगून ठेवले आहे. ते वचन संस्कृत असूनही त्याचा आशय पारशाला, मुसलमानाला, नास्तिकाला सारखाच कळतो, कारण ते शरीराविषयी बोलते. शास्त्रातली सगळीच वचने एका जातीची नसतात. काही देवघराबाहेर नेता येतात, काही येत नाहीत.

आता टिळक. त्यांचे त्या काळातील लेखन वाचताना नेहमीचे चित्र पार ढवळून निघते. बालविवाहाचे ते पुरस्कर्ते होते असा समज पुष्कळांचा आहे. वस्तुतः १८९० च्या अखेरीस त्यांनीच सूचना मांडली होती, की सुधारणा हव्या असणाऱ्यांनी स्वतःपुरते करारपत्र करावे: मुलींची लग्ने सोळाच्या आत करू नयेत, मुलांची विसाच्या आत करू नयेत, पुरुषाने चाळिशीनंतर लग्न करू नये, करणेच झाले तर विधवेशी करावे, विधवांचे केशवपन करू नये, हुंडा घेऊ नये, आणि अशीच आणखी काही कलमे. म्हणजे सरकार बारा म्हणत होते आणि टिळक सोळा म्हणत होते! त्यांचा विरोध वयाला नव्हता, कायद्याला होता. आणि त्याहून अधिक, तो कायदा कोण करतो याला होता.

वैयक्तिक मत एक आणि कायद्याविषयीचे मत दुसरे, ही भूमिका जगात अन्यत्रही दिसते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी १९८४ साली नोत्र दाम विद्यापीठात गर्भपाताविषयी केलेले भाषण त्या देशात अजून वाचले जाते. आपण कॅथलिक आहोत, चर्चची शिकवण आपल्याला मान्य आहे. पण जे आपल्या पंथाचे नाहीत त्यांच्यावर ती कायद्याने लादावी काय, असा त्यांचा प्रश्न होता. वरवर पाहता टिळक आणि कुओमो एकाच पंक्तीत बसतात. परंतु कुओमोंची अडचण अशी की आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादली जाईल. टिळकांची अशी की परक्याची सत्ता आपल्या घरात शिरेल. दुसरी अडचण क्षुल्लक होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कौन्सिलात लोकांनी निवडलेला एकही माणूस नाही, तिने लोकांच्या शयनगृहाविषयी कायदा करावा, यातील अपमान खरा होता. आपण कर्नाटकातील मराठी माणसे आहोत. ज्यांच्या निर्णयात आपला आवाज नाही त्यांनी आपल्यासाठी काय हितकर हे ठरविले की मनात काय उमटते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही.

तरीही टिळकांच्या करारपत्रात एक छिद्र होते आणि ते साधे होते. करारपत्रावर सही करणारा बाप किंवा नवरा स्वतःला बांधून घेतो. जी बांधली जाते ती मुलगी कोठेही सही करीत नाही. व्रत स्वतःपुरते असते. दुसऱ्याच्या जिवाला जेथे अपाय होतो तेथे व्रत पुरत नाही, कायदा लागतो.

हे सर्वांत स्वच्छ कोणी लिहिले असेल तर ते गोपाळ गणेश आगरकरांनी. ‘केसरी’ सोडल्यावर १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढले, आणि पुढची सात वर्षे, १८९५ च्या जूनमध्ये मरण येईपर्यंत, प्रकृती खंगत असतानाही ते लिहीत राहिले. त्यांच्या गद्याचा विशेष असा की ते वाचकाला शास्त्राच्या दारात नेतच नाहीत. हा आचार कोणाला सुख देतो, कोणाला दुःख देतो, तो चालू ठेवण्याचे कारण काय, एवढेच ते विचारतात. आणि जे उत्तर येईल ते कोणत्याही धर्माच्या माणसाला तपासून पाहता येते. त्यांची स्वतःची श्रद्धा कोणत्याच देवावर नव्हती. परंतु त्यांच्या युक्तिवादाचे बळ नास्तिकतेत नाही, हे आमच्या वाचनात ठळकपणे आले. आस्तिकानेही तोच युक्तिवाद जसाच्या तसा वापरावा, इतका तो मोकळा आहे. त्यांचे उणे कोठे असेल तर सुरात. श्रद्धाळू माणसाच्या मूर्खपणाविषयीचा त्यांचा संताप पुष्कळदा त्या माणसाविषयीच्या तुच्छतेत उतरतो, आणि मग ज्याचे मन वळवावयाचे तोच पान मिटून ठेवतो. टिळकांचे अग्रलेख ज्या ओटीवर मोठ्याने वाचले जात, तेथे ‘सुधारक’ कितपत पोहोचला असेल याची शंका येते.

रानड्यांचे आणि तेलंगांचे काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. दोघांवर ढोंगाचा आरोप तेव्हाही झाला आणि अधूनमधून अजूनही होतो. रानडे विधवाविवाहाचे कैवारी. पण १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. रमाबाईंनी आपल्या आठवणींत तो प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि मराठीतील आत्मचरित्रपर लेखनात इतक्या संयमाने लिहिलेली पाने थोडी असतील. तेलंग कायद्याचे समर्थक. पण १८९३ साली त्यांनी स्वतःच्या लहान मुलीचे लग्न लावून दिले. आम्हांस या दोन्ही प्रसंगांत ढोंगापेक्षा निराळे काही दिसते. इतका मोठा न्यायाधीश, इतका मोठा पंडित, आणि वडिलांच्या शब्दापुढे किंवा घरातल्या बायकांच्या रडण्यापुढे त्याची खाजगी खात्री टिकत नाही. मग सामान्य कारकुनाची, वाण्याची, भिक्षुकाची काय कथा? ‘माझ्या हातात नाही, कायदाच आड येतो’ असे घरात सांगण्याची सोय सुधारकालाही हवी असते. टिळकांच्या करारपत्राला रानड्यांचे आयुष्य हेच उत्तर होते. रानड्यांनी ते उत्तर म्हणून कधी वापरले नाही, आणि ते कोणी वापरू शकेल असेही नाही.

या वादाचे साहित्यात रूपांतर झाले ते गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’त. नाटक १८९९ चे. देवलांचे शिक्षण आणि काही काळ शिक्षकाची नोकरी बेळगावची, तेव्हा ते आपल्याच मुलुखातले म्हणावयास हरकत नाही. कांचनभट पैशासाठी मुलगी भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याला देऊ पाहतो ही कथा सर्वश्रुत आहे. आम्हांस त्यातील शेवटाविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत. लग्न मोडते ते कशामुळे? वधू अजाण आहे म्हणून नव्हे, वर जरठ आहे म्हणून नव्हे, तर वधूवर सगोत्र आहेत हे उघडकीस येते म्हणून. आणि शारदेचा कोदंडाशी विवाह होतो तो शंकराचार्यांच्या संमतीने. म्हणजे संमतिवयाचा कायदा होऊन आठ वर्षे झाल्यावरही मराठी रंगभूमीला मुलीची सुटका करण्यासाठी मठाचेच दार ठोठवावे लागले. दोन अंक भर प्रेक्षकांना आपण रडविले ते मुलीच्या भयाने, आणि सोडविले ते गोत्राच्या निमित्ताने! समजा भुजंगनाथाचे गोत्र वेगळे असते तर? देवलांनी हा प्रश्न टाळला असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या प्रेक्षकाला जो निर्णय पटण्याजोगा होता तोच त्यांनी दिला, आणि त्या निर्णयाच्या मागे करुणेचे एवढे पाणी सोडले की घरी गेलेल्या प्रेक्षकाला गोत्र विसरले आणि शारदाच आठवत राहिली. भांडारकरांच्या ग्रंथात जी मुलगी नव्हती ती येथे रंगमंचाच्या मधोमध उभी आहे.

कायद्याने ही गाठ निराळ्या रीतीने सोडविली. हरबिलास सारडांचे विधेयक १९२९ साली संमत झाले, १ एप्रिल १९३० पासून अमलात आले, आणि मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा ही विवाहाची मर्यादा ठरली. आपल्याकडे त्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, आणि नाटकावरून हे नाव पडले असे मानणारे वृद्ध आम्ही पाहिले आहेत; नाव अर्थात सारडांचे. त्याच सुमारास सरकारने संमतिवयासंबंधी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वऱ्हाडचे सर मोरोपंत जोशी होते. या समितीने गावोगाव साक्षी घेतल्या, डॉक्टरांना विचारले, स्त्रियांना विचारले. १८९१ च्या वादानंतर चार दशकांनी का होईना, बोलण्याची पाळी तिच्यावर आली. आणखी महत्त्वाचे म्हणजे हा कायदा एका धर्माचा नव्हता, सर्वांना लागू होता. कर्मठ मुसलमानांचा विरोध असूनही जिनांनी मध्यवर्ती विधिमंडळात त्याला पाठिंबा दिला. सर्वांना लागू करावयाचे म्हटल्यावर कारणही सर्वांना कळेल असेच द्यावे लागते. येथे गृह्यसूत्रे कामाची नव्हती.

आतापर्यंतच्या विवेचनावरून आम्ही श्रद्धेला विधिमंडळाच्या पायरीवर चपलांशेजारी ठेवावयास सांगत आहोत, असा समज होऊ नये. विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. जन्म जमखिंडीचा, १८७३ चा. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या सावलीत वाढलेले, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास केलेले, प्रार्थनासमाजाचे प्रचारक. १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. त्याची शाखा हुबळीतही होती. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ वाचताना हा माणूस आपल्या सर्व कामाला ईश्वराचे काम मानतो हे पदोपदी जाणवते. अस्पृश्यतेविरुद्ध तो उभा राहिला तो भक्तीतून, आणि जेजुरीच्या मुरळ्यांचा प्रश्न त्याने हाती घेतला तोही भक्तीतूनच. ही भक्ती काढून घेतली तर शिंदे उरत नाहीत. पण सरकारपुढे किंवा परिषदेपुढे मागणी मांडताना ते आपली उपासना पुढे करीत नाहीत. किती मुली, कोणत्या वयाच्या, कोणाच्या हाती जातात, हे सांगतात.

देवदासींचा प्रश्न तर आपल्या उंबऱ्याशीच होता. सौंदत्तीच्या यल्लम्माला मराठी आणि कानडी दोन्ही मुलुखांतून माणसे जातात. पौर्णिमेच्या यात्रेला निघालेल्या गाड्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. मुली देवाला सोडण्यास बंदी करणारा मुंबईचा कायदा १९३४ साली झाला आणि तो धारवाड-बेळगावला लागू होता. सोडलेल्या स्त्रीने केलेला विवाह वैध मानावा, हेही त्यात होते. तरी चाल थांबली नाही, आणि कर्नाटकाला १९८२ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. सौंदत्तीच्या डोंगरावर कायद्याचे पुस्तक कोणी वाचत नाही. तेथे ऐकू येते ते जोगत्यांचे चौंडके. जेथे आचार श्रद्धेने चालतो तेथे श्रद्धेच्या भाषेत बोलणारा माणूसही लागतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणास बसले ते याच कारणासाठी. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई सरकारने त्याच वर्षी केला. पण कायद्याने उघडलेल्या दारातून आत जाणाऱ्याकडे बडव्यांनी आणि वारकऱ्यांनी कोणत्या नजरेने पाहावे, हे गुरुजींना त्यांच्याच विठोबाच्या नावाने सांगावे लागले.

याच्या उलट उदाहरणही त्याच मुंबई राज्याचे. मोरारजी देसाई व्रतस्थ पुरुष होते, यात वाद नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामागे राज्याचे महसुली शहाणपण नव्हते, नैतिक निष्ठा होती. औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंतील मद्यार्कापर्यंत ती पोहोचली, तेव्हा १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाला तेवढा भाग खोडावा लागला. मद्याने घरे बुडतात हे कारण सर्वांना पटणारे होते. पण औषधाच्या बाटलीवरही जेव्हा पहारा बसतो तेव्हा बोलत असते ते कारण नव्हे, व्रत. पुढचा हातभट्टीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

आंबेडकरांनी ही रेषा फार नेमकी ओढली होती. २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी सांगितले की या देशात धर्माची कल्पना जन्मापासून मरणापर्यंत सर्व काही व्यापून बसली आहे. ती तशीच मान्य केली तर विधिमंडळाला सुधारणेसाठी जागाच उरणार नाही. हिंदू कोडाच्या वेळी स्मृतींचे आधार देण्यात ते स्वतः मागे नव्हते. पण तो आधार ते जोडीला देत, पाया म्हणून देत नसत. कोड अडले, आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले.

या पार्श्वभूमीवर आपल्या काळातील दोन कायदे वाचावेत. महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी विधेयक नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे लावून धरले. त्याचे मसुदे बदलत गेले, वारकऱ्यांनी हरकती घेतल्या, नावातून ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच गेला. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. चार दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एक गद्यकृती म्हणून तो वाचण्याजोगा आहे. देव आहे की नाही, श्रद्धा कोणती आणि अंधश्रद्धा कोणती, याविषयी त्यात अवाक्षर नाही. अनुसूचीत कृत्ये आहेत: भूत उतरविण्यासाठी बांधून मारणे, चटके देणे, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे. आणि शेवटी काय काय या कायद्याबाहेर आहे याची यादी आहे, त्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, इतकेच काय, नंदीबैलवाला ज्योतिषीही आहे. विधिमंडळाच्या कागदात नंदीबैलाने पाऊल टाकल्याचे आम्हांस तरी दुसरे उदाहरण ठाऊक नाही. कोणी हसतात. कीर्तन-भजनाला वगळण्यात आम्हांस कायद्याचा कमकुवतपणा दिसत नाही. आपण कशाविषयी बोलत नाही हे कायद्याने स्पष्ट सांगणे हा त्याच्या भाषेचा प्रामाणिकपणाच आहे. ज्योतिष आणि वास्तुशास्त्र यांना दिलेली सूट मात्र त्या जातीची नाही. तेथे पैशाने नाडला जाणारा माणूस आहे, आणि तेथे सभागृहाने केला तो सौदा आहे. एकाच यादीत दोन निराळ्या प्रतीची वाक्ये एकापाठोपाठ बसली आहेत, आणि समीक्षकाने ती वेगळी वाचली पाहिजेत.

कर्नाटकाचा कायदा २०१७ च्या नोव्हेंबरात बेळगावच्या अधिवेशनात संमत झाला आणि २०२० च्या जानेवारीपासून अमलात आला. ब्राह्मणांनी जेवून उठलेल्या पत्रावळींवरून लोळण्याचे मडेस्नान त्याने बंद केले, गालातून आरपार सळई खुपसणे बंद केले. निखाऱ्यांवरून चालण्याविषयी त्याचा रोख सक्तीवर आहे. स्वतःच्या नवसाने चालणारा आणि दुसऱ्याने ढकललेला, यांत त्याने फरक केला. १८९१ साली करारपत्र आणि कायदा यांच्यामध्ये जे हरवले होते ते या एका शब्दात सापडते.

आपल्या घरात मराठी आहे, दारात कानडी आहे, आणि कमरीपेठेच्या कित्येक गल्ल्यांत सावजी मंडळींची स्वतःची तिसरीच बोली आहे. नळाची तक्रार महानगरपालिकेत न्यावयाची झाली की आपण ती कानडीत लिहितो. तेवढ्याने कोणाचे मराठीपण कमी झाले असे ऐकिवात नाही. उलट समोरच्याला कळेल असे लिहिण्याची ही सवय आपल्या तीन-चार पिढ्यांची आहे.

कानडी वचनसाहित्याचे मोठे अभ्यासक, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे माजी कुलगुरू एम. एम. कलबुर्गी यांनी आयुष्यभर जे वाचले ते बसवण्णांचे आणि शरणांचे, म्हणजे भक्तांचेच लेखन. २०१४ साली बेंगळुरात अंधश्रद्धाविरोधी विधेयकावरच्या चर्चेत त्यांनी केलेल्या भाषणावरून गहजब झाला होता. ३० ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी धारवाडात, कल्याणनगरातील त्यांच्या घराची घंटा वाजली, आणि दारातच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ज्या विधेयकावर ते बोलले होते त्याचा कायदा होण्यास त्यानंतर सव्वादोन वर्षे लागली. त्याची कानडी प्रत आपल्या सभासदांपैकी किती जणांनी वाचली आहे, हे पुढच्या बैठकीत विचारावे असे आमच्या मनात आहे.